लगानचा कचरा आणि पुण्याचे बाळू: मैदान उघडले, कप वेगळाच राहिला

खेळाडूवरचा चित्रपट म्हटला की त्याचा शेवट तिकीट काढण्याआधीच ठाऊक असतो. गरीब घरातला पोरगा, फाटके बूट, चारचौघांत झालेला अपमान, एखादा दयाळू प्रशिक्षक आणि शेवटच्या क्षणी विजय. दिवे लागतात, लोक डोळे पुसत घरी जातात. विजय मिळाला म्हणजे अपमानाची फेड झाली, हा हिशेब त्यात गृहीत धरलेला असतो. आमचा आक्षेप नेमका या हिशेबाला आहे.

२००८ साली आलेला 'शुगर' हा चित्रपट हा हिशेब मोडतो. ॲना बोडेन आणि रायन फ्लेक या दोघांनी तो दिग्दर्शित केला. मिगेल सांतोस हा डोमिनिकन रिपब्लिकमधला विशीच्या आतबाहेरचा पोरगा. गाव सान पेद्रो दे माकोरिसच्या बाजूचे. खेळ बेसबॉल, काम चेंडू फेकण्याचे, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. अमेरिकी संघांनी त्या देशात प्रशिक्षण केंद्रे उघडली आहेत. तिथे पोरांना खेळाबरोबर मैदानावर लागणारी चार इंग्रजी वाक्ये घोकून घेतात. मिगेलची निवड होते, तो अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका लहान गावात जातो आणि एका शेतकरी कुटुंबात राहतो. हॉटेलात गेला की रोज एकच पदार्थ मागवतो, कारण दुसऱ्या पदार्थाचे नाव त्याला येत नाही. मग दुखापत होते, लय बिघडते, मागून नवा पोरगा येतो. मिगेल संघ सोडून न्यूयॉर्कला जातो, खाणावळीत काम करतो, सुतारकी करतो आणि रविवारच्या मैदानावर हौसेने खेळतो. तिथे त्याच्यासारखेच बरेच जण आहेत. कधीकाळी मोठ्या संघांनी निवडलेले आणि नंतर सोडून दिलेले. चषक नाही, मिरवणूक नाही, चित्रपट तिथेच संपतो.

राधानगरीच्या माणसाला सान पेद्रो फार लांबचे वाटू नये. ते गाव उसाचे आणि साखर कारखान्यांचे. तिथला बेसबॉल कारखान्यांच्या वस्त्यांतून वाढला. आमच्याकडे शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. हंगाम आला की बीडकडून कोयते घेऊन टोळ्या येतात, पालात राहतात, गाळप संपले की निघून जातात. कारखान्याला त्यांचे हात हवे असतात. त्यांची पोरे शाळेत गेली का, बाईला आडोसा मिळाला का, हे प्रश्न गाळपाच्या आकड्यात येत नाहीत. 'शुगर' हीच गोष्ट खेळाच्या बाबतीत सांगतो. व्यवस्थेला खेळाडूचा दंड हवा असतो, त्या दंडामागचा माणूस नको असतो.

आता प्रश्न असा की आपल्या मातीत हा मिगेल कोण? आमचे उत्तर आहे, पालवणकर बाळू.

१८९३ साली खरा गोलंदाज कुठे होता?

'लगान' सगळ्यांनी पाहिला आहे. २००१ चा चित्रपट, कथेचा काळ १८९३. त्यात अस्पृश्य गोलंदाजाचे नाव 'कचरा'. त्याचा हात अधू आहे आणि म्हणून चेंडू आपोआप वळतो. गावकरी विरोध करतात, सवर्ण नायक भाषण देतो आणि कचरा संघात येतो.

जरा थांबून विचार करा. नाव कचरा. कौशल्य मेहनतीचे नाही, व्यंगाचे. प्रवेश हक्काचा नाही, नायकाच्या मोठेपणाचा. आणि सामना जिंकल्यावर कचरा पाणी कुठे प्यायला, हे चित्रपट विचारतच नाही.

त्याच काळात पुण्यात एक खरा गोलंदाज होता. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. समाज चर्मकार. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आले. लष्करातल्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि धाकटे शिवराम खेळायला शिकले. पारशी लोकांच्या एका क्लबात बाळूंना खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा नोकरी लागली. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये. काम तेच, शिवाय जाळी बांधणे आणि खडूच्या रेषा मारणे.

तिथल्या एका साहेबाने त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला सांगितले. डाव्या हाताची संथ फिरकी, आणि अचूक. मग तर साहेबांना दुसरा गोलंदाजच नको झाला. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्यापुढे सराव करी. त्याला बाद केले की तो बाळूंना ८ आणे देई, असे सांगतात.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. इतकी वर्षे गोलंदाजी करूनही त्या क्लबात बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे घाम गाळायचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा साहेबाचा मान. श्रमाची आणि मानाची अशी वाटणी आपल्याला अनोळखी नाही. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले. ती विभागणी २२ यार्डांच्या पट्टीतही उतरली होती.

मातीचा कप

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते. हरवू शकणारा माणूस समोर रोलर फिरवत होता. त्याला घ्यावे की नाही, यावर क्लबात वाद झाला. शेवटी घेतले. हृदयपरिवर्तन झाले म्हणून घेतले असे आम्ही मानत नाही. विकेटा हव्या होत्या म्हणून घेतले.

मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत. त्याच चेंडूला लागलेला त्यांचा घाम कोणाला बाटवत नव्हता. पण चहाची वेळ झाली की चित्र बदले. बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत. बाळूंना बाहेर, साध्या मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून देता येईल. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हातपाय धुवायचे असतील तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर.

म्हणजे सीमारेषेच्या आत माणूस, सीमारेषेच्या बाहेर अस्पृश्य. समाजशास्त्राच्या वर्गात 'श्रेणीबद्ध विषमता' ही संकल्पना शिकवायची असेल तर आम्ही या एका चहाच्या वेळेचे उदाहरण देऊ. जातीने बाळूंना खेळण्यापासून कायमचे रोखले नाही. तिने त्यांच्या गुणाचा पुरेपूर वापर केला आणि माणूस म्हणून त्यांना दाराबाहेर ठेवले. ही व्यवस्था नुसत्या बंदीपेक्षा जास्त चलाख आहे, कारण तिला पुरोगामी म्हणवून घेता येते.

विजय आणि विजयानंतर

पुण्यात प्लेग आला त्या सुमारास बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. संघात बाळू आणि शिवराम दोघे भाऊ होते. पुढच्याच वर्षी पुन्हा विजय. त्या वेळच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' सारख्या सुधारक पत्राने या विजयात जातिबंधने सैल होण्याची खूण पाहिली. मुंबईत पुण्यापेक्षा मोकळीक होती, हेही खरे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळू मात्र पस्तिशीत, दुखऱ्या खांद्याने, गोलंदाजी करत राहिले. दौऱ्यातल्या सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी. त्यांतले प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी, सरासरी १५.२१. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल संघात आला १९४७ साली. त्याच्या ३६ वर्षे आधी आपल्या समाजाचा माणूस इंग्लंडच्या मैदानांवर बळी घेत होता. रॉबिन्सनचे नाव अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना माहीत आहे. बाळूंचे नाव आपल्या किती क्रीडाशिक्षकांना माहीत आहे?

ते परत आले तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजातल्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने लिहिले होते, असे सांगितले जाते. बाबासाहेबांना बाळूंचे कौतुक होते, हे त्यांच्या चरित्रकारांनीही नोंदवले आहे.

आता 'लगान'वाल्यांचा चित्रपट इथे संपला असता. इतिहास मात्र पुढे चालू राहिला.

१९१२ पासून मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चौरंगी लढती सुरू झाल्या. हिंदू संघात बाळू सर्वांत अनुभवी. पण कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. कर्णधार झालेले म. द. पै हे ब्राह्मण गृहस्थ स्वतःच म्हणाले की हा मान बाळूंचा होता. पै यांचा मोठेपणा आम्ही नाकारत नाही. पण मान ज्याचा त्याला देण्याचा अधिकार एका सज्जन माणसाच्या हाती नव्हता, तो जिमखान्याच्या समितीच्या हाती होता. सज्जनपणा आणि हक्क यांतला फरक तो हाच.

१९२० साली बाळूंना संघातूनच वगळले. कर्णधार आजारी पडल्यावर धाकट्या विठ्ठलची लायकी असताना तोही मान दुसऱ्याकडे गेला. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आमचा अपमान होतो आहे, हे जाहीर निवेदन देऊन सांगितले. भारतीय खेळाच्या इतिहासातला हा बहिष्कार आम्हाला ११४ बळींपेक्षा मोठा वाटतो. आतापर्यंत हे भाऊ बोलावले की जात होते. या वेळी त्यांनी स्वतःला मैदानापासून दूर ठेवले आणि आपली किंमत दाखवून दिली. जिमखाना नमला. पारशांविरुद्धच्या सामन्याला तिघेही परत आले, बाळू उपकर्णधार म्हणून. त्या सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि नेतृत्व बाळूंकडे आले. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. १९४८ साली विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या वाचनालयांनी ते शोधून ठेवायला हवे.

१९२३ चा मान १९२० च्या बहिष्कारातून आला, हे विसरू नका.

त्याच वर्षी कोल्हापुरात

१९२० हे साल आम्हा कोल्हापूरकरांना पाठ आहे. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. शाहू महाराजांनी तिथे जमलेल्या लोकांना तुमचा पुढारी तुम्हाला सापडला असे सांगून तरुण बाबासाहेबांकडे बोट दाखवले. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष शाहू महाराजच होते. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत पालवणकर बंधूंचा झगडा झाला.

कोल्हापुरात चहाच्या कपाचे काय झाले, तेही सर्वांना ठाऊक आहे. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीच्या बंधनातून मोकळे केले आणि चहाचे हॉटेल काढायला मदत केली. मग स्वतः तिथे जाऊन चहा घेतला आणि बरोबरच्या सवर्णांनाही प्यायला लावला. सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखान्यांत भेद पाळू नये असे हुकूम काढले, आणि १९०२ पासून ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखलेल्या होत्याच.

पुण्याच्या क्लबातला कप आणि गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातला कप शेजारी ठेवून पाहा. पुण्यात बाळूंना गुणवत्ता सिद्ध करूनही मातीचे भांडे मिळाले. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंना कोणाचीही विकेट काढावी लागली नाही. माणूस असणे पुरेसे होते, आणि त्यामागे राज्याचा हुकूम उभा होता. गुणवत्तेने दार किलकिले होते. दार काढून टाकायला कायदा लागतो.

दोन रस्ते

आता अवघड भागाकडे येऊ. आमच्याच काही कार्यकर्त्यांना बाळूंचे नाव काढलेले आवडत नाही. कारण उघड आहे. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते बाबासाहेबांच्या विरोधी गोटात होते. करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

हे झाकायचे कारण नाही. पण निवाडा करण्याआधी दोघांच्या अनुभवांकडे पाहा. कोलंबियात शिकून, लंडनमध्ये पुढचा अभ्यास करून बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे शिपाई लांबून फायली टाकत आणि पारशी विश्रामगृहातून त्यांना लाठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले. एकाकडे इंग्लंड गाजवलेला हात, दुसऱ्याकडे विलायतेत घडलेली बुद्धी. दोघांनाही देशात आल्यावर जात भेटली.

बाळूंनी त्यातून एक निष्कर्ष काढला. मातीचे भांडे गेले, १९०६ ला टाळ्या मिळाल्या, १९२३ ला भाऊ कर्णधार झाला. म्हणजे हिंदू समाज हळूहळू बदलतो आहे, धीर धरला पाहिजे. त्यांच्या आयुष्यापुरता हा निष्कर्ष खोटा नव्हता. बाबासाहेबांनी विचारले, ज्याच्या हातात फिरकी नाही त्याचे काय? महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला आलेल्या हजारो लोकांपैकी कोणालाही इंग्लंडमध्ये ११४ बळी घ्यायचे नव्हते. त्यांना पाणी प्यायचे होते. गुणवंताला मिळालेली सवलत आणि सामान्य माणसाचा हक्क, या दोन रस्त्यांतला फरक १९३७ च्या त्या मतपेटीत होता. मतदारांनी कोणता रस्ता निवडला ते आकड्यांत आहे.

आणि काँग्रेसने काय केले? जे जिमखान्याने केले तेच. चेंडू बाळूंच्या हातात दिला आणि कर्णधारपद आपल्याकडे ठेवले. चर्मकार समाजाचा नामवंत माणूस महारांच्या पुढाऱ्यासमोर उभा करायचा, म्हणजे अस्पृश्यांतच फूट पडते. हा डाव आजही गावोगाव खेळला जातो. राखीव जागेवर कोणाला उभे करायचे हे राखीव समाज ठरवत नाही. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बाळूंच्या राजकारणाशी आमचा मतभेद आहे आणि राहील. पण त्यांना शत्रूच्या खात्यात टाकून देणे म्हणजे तो डाव आपल्या हाताने पुरा करणे आहे. मातीचे भांडे त्यांच्या हातात होते. तो अपमान महार, मांग, चर्मकार सगळ्यांचा होता.

चित्रपट काढाल तर असा काढा

बाळूंवर हिंदी चित्रपट येणार अशा घोषणा अलीकडे झाल्या आहेत. आनंद आहे. पण भीतीही आहे. १९०६ चा विजय, ढोलताशे, तिरंगी भावना आणि समाप्त, असा चित्रपट आला तर तो 'लगान'चाच दुसरा भाग होईल, फक्त कचराचे नाव बाळू असेल. त्यात १९२० चा बहिष्कार हवा. १९३७ ची मतमोजणी हवी. हरलेले, साठी ओलांडलेले बाळू हवेत. १९५५ साली ते वारले, तेव्हा देशाला संविधान मिळून पाच वर्षे झाली होती. ज्या अस्पृश्यतेने त्यांना पॅव्हिलियनबाहेर बसवले तिला १७ व्या कलमाने गुन्हा ठरवले होते, आणि ते संविधान घडवणाऱ्याविरुद्ध ते कधीकाळी लढले होते. इतके नाट्य असताना शेवटच्या षटकाची गरज कोणाला आहे?

नागराज मंजुळे यांनी 'झुंड' (२०२२) मध्ये या दिशेने पाऊल टाकले. नागपूरच्या झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी पोरे. त्यांची खरी झुंज सामन्यापेक्षा पासपोर्टासाठी, आपण कोण आहोत याचा कागद मिळवण्यासाठी आहे. 'शुगर'मधल्या मिगेलला इंग्रजी येत नव्हते, या पोरांकडे कागद नव्हते, बाळूंकडे 'योग्य' जात नव्हती. चेंडू तिघांनाही चांगला येत होता.

हे सगळे आम्ही आज का लिहितो? कारण राधानगरी, भुदरगड, कागलच्या वस्त्यांतली आमची पोरे पहाटे उठून धावतात, टेनिस चेंडूच्या स्पर्धा गाजवतात, तालमीत घाम गाळतात. त्यांना सांगितले जाते, खेळात जात नसते, नुसती मेहनत कर. हे अर्धे सत्य आहे. मेहनत कराच. पण त्याबरोबर पदवी पूर्ण करा, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचे नियम वाचा, प्रमाणपत्र वेळेत पडताळून घ्या, निवड समितीत कोण बसले आहे ते विचारा. गुडघा एका क्षणात जातो. त्यानंतर हाताशी काय उरते, याची तजवीज आधी करावी लागते. आणि तालुक्यातल्या मंडळांना आमची सूचना आहे: यंदा जयंतीनिमित्त क्रिकेट स्पर्धा भरवाल तर चषकाला पालवणकर बंधूंचे नाव द्या, आणि बक्षीस समारंभात १९११ बरोबर १९२० ची गोष्टही सांगा.

टाळ्या बाळूंना भरपूर मिळाल्या होत्या. आम्हाला आमच्या पोरांसाठी टाळ्यांच्या आधी निवड समितीतली खुर्ची हवी आहे.

जय भीम. जय शाहू.